गीझर कुरकुरतो तेव्हा

तापणाऱ्या पाण्यासाठी मराठीत किती शब्द आहेत, हे एकदा मोजून पाहावे. पाणी आधी कोमट होते. मग ते सणसणू लागते. मग त्याला आधण येते, उकळी फुटते, ते खळखळते. त्यात तांदूळ वैरले की ते रटरटू लागते, आणि डाळ असेल तर खदखदते. यातले बरेचसे शब्द डोळ्यांनी पाहून नव्हे, तर कानांनी ऐकून झालेले आहेत. चुलीकडे पाठ करून विळीवर भाजी चिरणाऱ्या बाईला आधण आल्याचे कळत असे ते आवाजावरून. त्यासाठी उठून झाकण उघडून पाहण्याची तिला गरज पडत नसे.

न्हाणीघरातल्या बंबाचेही तसेच. तांब्याचा उंच बंब, मधोमध धुराडे, खाली जाळी, आणि जाळीवर बंबफोड किंवा नारळाची सोडणे. बाहेर ओट्यावर बसलेली आजी आतल्या सणसणीवरून सांगे, की आता विसण किती घ्यावे लागेल. बंबात पाणी कमी झाले की त्याचा सूर बदले. मग आतून कुणीतरी ओरडे, ‘अरे, बंबात कळशीभर पाणी ओता, नाहीतर डाग उडतील त्याचे.’ डाग म्हणजे सांध्यांचे डाग. कोरडा बंब तापला तर ते वितळत. ही सगळी कानांची विद्या होती, आणि ती कुणी कुणाला मुद्दाम शिकवलेली नव्हती.

गीझर आला आणि हा सगळा संसार एका पांढऱ्या डब्यात बंद होऊन भिंतीवर चढला. दिसतो तो फक्त एक लाल दिवा. आत काय चालले आहे ते सांगायला आता आवाजाखेरीज दुसरे काही उरलेले नाही, आणि नेमकी आवाज ऐकण्याची सवय आपण सोडून दिली आहे. गीझर कुरकुरू लागला की आपण म्हणतो, जुना झाला. धडधडू लागला की म्हणतो, पाण्याचा दाब असेल. आणि दार लावून आंघोळीला बसतो.

या यंत्राचे नावच मुळी एका गडगडणाऱ्या गोष्टीवरून आले आहे. आइसलँडमध्ये गेसिर नावाचा उष्ण पाण्याचा झरा आहे. जमिनीखाली गुरगुरत राहायचे आणि मध्येच उसळून आकाशात उडायचे, हा त्याचा स्वभाव. लंडनच्या बेंजामिन वॉडी मॉन या रंगाऱ्याने १८६८ साली गॅसवर पाणी तापवणारे यंत्र केले आणि त्याला या झऱ्याचे नाव दिले. धूर बाहेर जायला त्याला नळी नव्हती. ही नळी नसण्याची गोष्ट लक्षात ठेवावी, तिच्याकडे पुढे यायचे आहे.

आधी आवाज कुठून येतो ते पाहू. तापल्या तळाशी वाफेचे बारीक बुडबुडे तयार होतात. ते वर निघतात, पण वरचे पाणी अजून गार असते. गार पाण्यात शिरताच बुडबुड्यातल्या वाफेचे पाणी होते आणि बुडबुडा आतल्या आत मिटतो. मिटताना तो एक सूक्ष्म टाळी वाजवतो. अशा हजारो टाळ्या एकदम वाजल्या की त्यालाच आपण सणसणणे म्हणतो. सगळे पाणी सारखे तापले की बुडबुडे न मिटता पृष्ठभागापर्यंत पोचतात आणि आवाज मऊ होतो. म्हणून उकळी फुटण्याच्या आधी किटली जास्त ओरडते, फुटल्यावर जरा शांत होते. उद्या सकाळी चहा ठेवाल तेव्हा ऐकून पाहा.

ऑस्बर्न रेनॉल्ड्स या इंग्रज अभियंत्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस किटलीच्या या गाण्यावर लिहिले होते. ते वाचून लॉर्ड रॅले विचारात पडले. हे रॅले म्हणजे १९०४ सालचे नोबेल मिळवणारे भौतिकशास्त्रज्ञ. पाण्यात बुडबुडा मिटताना किती दाब निर्माण होतो, याचे गणित त्यांनी मांडायला घेतले. तेवढ्यात त्यांना कळले, की वाफेच्या टर्बाइनचे जनक सर चार्ल्स पार्सन्स हेही त्याच प्रश्नाच्या मागे आहेत. कारण जहाजांच्या पंख्यांमागे असेच बुडबुडे मिटत होते आणि धातूची पाती कुरतडली जात होती. रॅले यांचा निबंध १९१७ साली प्रसिद्ध झाला. स्वयंपाकघरातल्या किटलीचा आणि युद्धनौकेच्या पंख्याचा आजार एकच निघाला, ही मला मोठी गमतीची गोष्ट वाटते. एवढासा बुडबुडा, पण मिटताना पोलाद खातो.

तर निरोगी गीझरही थोडासा बोलतोच. बटण दाबल्यावर मिनिटाभरात हलकी सणसण सुरू होते. पाणी ठरलेल्या उष्णतेला पोचले की थर्मोस्टॅट ‘टक्’ करतो आणि दिवा विझतो. पत्रा गार होताना एखादे ‘कट्’ ऐकू येते. पंचवीस लिटरच्या टाकीतले पंचवीस अंशांचे पाणी पासष्ट अंशांवर न्यायला दोन किलोवॉटच्या कॉइलला साधारण पस्तीस मिनिटे लागतात. तेवढ्या वेळात ते पाणी फुगते. किती? तर जवळजवळ चारशे मिलिलिटर, म्हणजे दोन पेले. या दोन पेल्यांना जायला वाट हवी. म्हणून गीझरच्या खाली सेफ्टी व्हॉल्व्ह असतो आणि पाणी तापताना त्यातून कधीकधी थेंब टपकतात. हे टपटपणे म्हणजे बिघाड नव्हे. ते बंद करायला तिथे बूच ठोकणारी माणसे मी पाहिली आहेत. प्रेशर कुकरची शिटी वाजते म्हणून तिच्यावर वरवंटा ठेवण्यासारखाच हा प्रकार.

आजाराचा आवाज वेगळा असतो. आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात बोअरचे आणि टँकरचे पाणी येते. पुण्याच्या उपनगरांत राहणाऱ्यांना हे निराळे सांगायला नको. एका वर्षी वरच्या मजल्यावरच्या काकूंचा गीझर ताडताड वाजू लागला, भट्टीत लाह्या फुटाव्यात तसा. मिस्त्री आला. त्याने आल्याआल्या पाना काढला नाही. गीझर चालू करायला लावला आणि म्हणाला, ‘काकू, जरा लाटणं द्या.’

‘लाटणं? ते कशाला रे?’

‘द्या तर खरं. धुऊन परत देतो.’

लाटण्याचे एक टोक त्याने गीझरच्या पोटाला खालच्या बाजूने टेकवले, दुसऱ्या टोकाला कान लावला, आणि डोळे मिटून उभा राहिला. मग तेच वरच्या बाजूला केले. ‘वर काही नाही. खाली कॉइलवर चुना बसलाय. तीन-चार वर्षं उघडला नसेल तुम्ही.’ काकूंनी हिशोब केला. पाच वर्षे झाली होती. गीझर बंद करून, मुख्य बटण पाडून, पाणी गार झाल्यावर त्याने तो उघडला. आतून निम्मी बादली भरेल एवढ्या पांढऱ्या पापुद्र्यांचा चिखल निघाला आणि कॉइलवर बोटभर जाडीचे कवच.

रने लेनेक या फ्रेंच डॉक्टरने १८१६ साली कागदाची सुरळी रोग्याच्या छातीवर टेकवली आणि तिच्यातून स्टेथोस्कोपचा जन्म झाला. त्याच्याही आधी, १७६१ साली, लेओपोल्ड आउएनब्रुगर या ऑस्ट्रियन वैद्याने छातीवर बोटे वाजवून आत पाणी झाले आहे का ते ओळखण्याची रीत लिहून ठेवली. त्याचे वडील सराई चालवत. पिंपात दारू कुठवर आहे ते पिंप वाजवून कळते, हे पोराने लहानपणी पाहिले होते, असे सांगतात. आमच्या मिस्त्रीने यातले कुणाचे नावही ऐकलेले नसणार. पण माठ घेताना बोट वाजवून पाहणारी बाई, कलिंगडाला टिचकी मारणारा भाजीवाला, गाडी स्टेशनात थांबली की लांब दांड्याच्या हातोड्याने डब्यांच्या चाकांवर ठोके मारत जाणारा रेल्वेचा माणूस, ही सगळी त्याच घराण्यातली. बँकेतल्या नोकरीत मला भेटलेले जुने रोखपाल सांगत, की त्यांच्या आधीच्या पिढीत चांदीचा रुपया दगडी फरशीवर टाकून ऐकत. खणखणला तर घ्यायचा, बद्द वाजला तर परत. आपल्या भाषेत खणखणीत माणूस आला तो त्या फरशीवरूनच.

आता हा चुना आला कुठून? पावसाचे पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन खडकात मुरते आणि तिथले कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळवून बरोबर आणते. गार असेपर्यंत ते विरघळलेलेच राहते. पाणी तापले की वायू निघून जातो आणि चुनखडी मागे उरते. ती बसते सर्वांत तापलेल्या जागी, म्हणजे कॉइलवर. बसली की उष्णता अडवते. कवचाखाली अडकलेले थोडेसे पाणी भलतेच तापते, त्याची एकदम वाफ होते आणि कवच फोडून बाहेर येते. त्या आपल्या लाह्या. मुंबईकरांना या लाह्या सहसा ऐकू येत नाहीत, कारण तानसा, वैतरणा, भातसा इथले साठवलेले पावसाचे पाणी बरेच मऊ असते. दख्खनच्या पठारावर बोअरच्या पाण्याचा मात्र भरवसा नाही. पिण्याच्या पाण्याचे जे भारतीय मानक आहे त्यात कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला मानला आहे, आणि दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतला आहे. डाळ शिजत नसेल, साबणाला फेस येत नसेल, बादलीच्या आत पांढरी रेघ उमटत असेल, तर प्रयोगशाळा घरातच आहे.

अशा घरात गीझर वर्षा-दोन वर्षांनी उघडून साफ करून घ्यावा. त्याच वेळी आतली मॅग्नेशियमची कांडी पाहायला सांगावे. ही कांडी स्वतः झिजते आणि टाकीला गंजू देत नाही. ती संपली की गंजण्याची पाळी टाकीची. थर्मोस्टॅट साठ अंशांच्या वर ठेवून फायदा नाही, कारण पाणी जितके कढत तितका चुना जास्त. एवीतेवी आपण त्यात विसण घालणारच असतो.

अमेरिकेत गेलेल्या आपल्या मुलांच्या घरामागे कधीकधी पोहण्याचा तलाव असतो आणि त्याचे पाणी तापवायला गॅसचा हीटर. आईवडील सहा महिने राहायला गेले की पहाटे त्यांना तो ऐकू येतो. घर झोपलेले असते आणि जागी असतात ती हीच दोघे. तिथला आजारही हाच आहे. तांब्याच्या नळ्यांत चुना बसला किंवा गाळणी तुंबून पाण्याचा वेग मंदावला, की नळ्यांतल्या पाण्याला जागच्या जागी उकळी फुटते आणि हीटर खडखडतो. पंप किंचाळत असेल तर बेअरिंग गेले. पेटताना ‘भक्क’ असा बार झाला तर मात्र हीटर तिथल्या तिथे बंद करून जाणकाराला बोलवायचे, कारण ठिणगी पडायच्या आधी गॅस साठतो आहे. मुलाला उठवायला हरकत नाही.

नळ बंद केल्यावर भिंतीत ‘धाड्’ असा ठोका बसतो, तो गीझरचा दोष नव्हे. धावत्या पाण्याला एकदम अडवले की ते भिंतीला धडक देते. निकोलाय झुकोव्स्की या रशियन शास्त्रज्ञाने मॉस्कोच्या जलवाहिन्यांवर प्रयोग करून १८९८ साली याचे गणित मांडले. लोखंडी नळात सेकंदाला एक मीटर वेगाने जाणारे पाणी क्षणात थांबवले, तर हवेच्या दाबाच्या बारापट दाबाचा धक्का बसू शकतो. अर्ध्या फिरकीत बंद होणारे नवे नळ आले आणि हे ठोके वाढले. नळ सावकाश बंद करावा, नळाला भिंतीत पकडी बसवाव्यात, इतकेच.

घाबरण्यासारखा आवाज निराळा. गीझरचा दिवा विझतच नाही, आत सतत खदखद चालू आहे आणि गरम नळ सोडला तर पाण्याऐवजी फुसफुसत वाफ येते, असे झाले तर थर्मोस्टॅट अडकला आहे आणि त्याच्या मागचा कट-आउटही कामी आलेला नाही. नळाशी, व्हॉल्व्हशी खटपट करू नये. बाहेरून मुख्य बटण पाडावे, दार लावून घ्यावे, त्या बाजूला कुणाला जाऊ देऊ नये आणि दोन-तीन तास गार होऊ द्यावे. पाण्याची वाफ झाली की ती सोळाशेपट जागा मागते. ती जागा त्या टाकीत नाही.

आणि तरीही, एवढे आवाज सांगून झाल्यावर, न्हाणीघरातला सर्वांत वाईट बिघाड मुका आहे. तो गॅसच्या गीझरचा.

हा छोटा गीझर स्वस्त, वीज नसली तरी चालतो, नळ सोडताच टिकटिक करून पेटतो आणि लगेच कढत पाणी देतो. लोकप्रिय का झाला ते सांगायला नको. पण हिशोब मांडून पाहावा. मिनिटाला सहा लिटर पाणी पंचवीस अंशांनी तापवायचे तर तासाला साधारण एक किलो गॅस जळतो. एक किलो गॅस पूर्ण जळायला बारा घनमीटरच्या आसपास हवा लागते. दहा मिनिटांच्या आंघोळीत दीडशे ग्रॅम गॅस जळला, म्हणजे जवळजवळ दोन घनमीटर हवा गेली. आपली मोरी चार फूट रुंद, सहा फूट लांब, आठ फूट उंच. तिच्यात हवा किती? साडेपाच घनमीटर. थंडी म्हणून झरोका बंद, दाराखालच्या फटीला पायपुसणे. हवा अपुरी पडू लागली की ज्योत नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. सिलिंडरच्या गॅसमध्ये गळती कळावी म्हणून मुद्दाम वास घातलेला असतो. या वायूला वास नाही, रंग नाही, आणि आवाज तर नाहीच. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो.

ब्रिटनमधल्या कोळशाच्या खाणींत यासाठी पिंजऱ्यातला कॅनरी पक्षी नेत. जॉन स्कॉट हॉल्डेन या शरीरशास्त्रज्ञाची ती सूचना. खाणीतल्या अपघातांत माणसे स्फोटापेक्षा या वायूने अधिक मरतात, हे त्यांनी दाखवून दिले होते. पक्ष्याला माणसाच्या आधी त्रास होई. तो गाता गाता गप्प झाला, दांडीवरून पडला, की माणसे मागे फिरत. १९८६ सालापर्यंत ही पद्धत चालू होती.

आमच्या ओळखीच्या एका घरात नवी सून आली. थंडी सुरू झाली तसे आंघोळीनंतर तिचे डोके दुखू लागले. मळमळे, पाय लटके पडत. सासूबाईंनी सुंठ-साखर दिली. कुणी म्हणाले पित्त, कुणी दिवस गेले असतील म्हणून गालात हसले. एका रविवारी आतून पाण्याचा आवाज चालू होता, पण तांब्याचा आवाज थांबला होता. सासूबाई बाहेर डाळ निवडत होत्या. त्यांनी दोन हाका मारल्या, उत्तर नाही. त्यांनी तिसरी हाक मारली नाही. मुलाला म्हणाल्या, ‘दार तोड.’ दार तुटले म्हणून ती मुलगी आज आहे. रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरने पहिला प्रश्न विचारला तो हा, की बाथरूममध्ये गॅसचा गीझर आहे का?

हा प्रश्न आपल्याकडे अजून पुरेसा विचारला जात नाही. आंघोळीत बेशुद्ध पडलेल्या माणसाला मिरगी आली, हृदयविकार झाला, पाय घसरला असे समजले जाते. आणखी एक सांगायला हवे. करोनाच्या साथीपासून घरोघरी बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आले आहेत. या विषबाधेत ते फसवतात. कार्बन मोनॉक्साइडने भरलेले रक्तही त्यांना ऑक्सिजनचेच वाटते आणि आकडा सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव असा छान दिसतो. तो पाहून थांबू नये. माणसाला उघड्या हवेत काढावे, गॅस बंद करावा, दवाखान्यात न्यावे आणि गीझरचे डॉक्टरांना आपण होऊन सांगावे.

गॅसचा गीझर मोरीत असूच नये. दुसरी गोष्ट नाही. झरोका उघडा ठेवू, पंखा लावू, आधी बादली भरून गीझर बंद करून मग बसू, या सगळ्या तडजोडी आहेत, आणि घाईच्या सकाळी त्या कुणी पाळत नाही. पंख्याला तर आत यायला हवा मिळाली नाही, तर तो बाहेर काय टाकणार? गीझर उघड्यावर लावावा आणि पाणी नळाने आत आणावे. बाल्कनीला सरकत्या काचा बसवलेल्या असतील, तर ती बाल्कनी म्हणजे दुसरी मोरीच समजावी. ज्योत निळी असली पाहिजे. पिवळी दिसली, भिंतीवर काजळी धरली, किंवा पेटताना टिकटिक लांबून बार होऊ लागला, तर वापर थांबवावा. बार होण्याचे कारण बहुतेक वेळा संपत आलेले सेल असते, पण ते मिस्त्रीने सांगू द्यावे. कार्बन मोनॉक्साइड ओळखून भोंगा वाजवणारी छोटी यंत्रे आता बाजारात मिळतात.

त्या घरातला गीझर आता मागच्या उघड्या गॅलरीत आहे. नळ लांबल्यामुळे गरम पाणी यायला पाऊण मिनिट लागते. तोवर येणारे गार पाणी सून बादलीत धरते आणि कुंड्यांना घालते. सासूबाई अजूनही आंघोळीच्या वेळी बाहेर डाळ निवडत बसतात, डाळ नसली तरी.